पहिला घोट बिनमिठाचा

मनोहर,

तुला श्रद्धांजली वाहायचं काम तुझ्या कॉलेजाने उरकलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. प्राचार्य बोलले, मग तुझ्याच खात्यातले एक चष्मेवाले बोलले, मग एका विद्यार्थ्याने हिंदीत चार वाक्यं म्हटली. तू अर्थशास्त्र किती सोपं करून शिकवायचास, किती वक्तशीर होतास, शर्ट कसा कायम कडक इस्त्रीचा असायचा. ऐकता ऐकता मला प्रश्न पडला, हा नेमका कोण गेला? मी ज्याला ओळखतो तो माझ्या दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून बसायचा, अंगठ्याने सोड्याच्या बाटलीची गोटी आत ढकलायचा आणि पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायचा, मुद्दाम, मला चिडवायला. त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कसा, त्यांना तो कधी भेटलाच नव्हता.

मला रडू आलं नाही, खरं सांगतो. फक्त थकवा आलाय. सोड्याच्या मशीनचं चाक फिरवताना हात भरून येतात, बाटल्या धुताना मधेच थांबावंसं वाटतं. मालती विचारते, बरं नाही का? मी म्हणतो, उन्हाचं आहे. तिलाही ठाऊक आहे की उन्हाचं नाही, पण ती पुढे विचारत नाही. आमच्या संसारात एवढी समज आता आली आहे.

तेव्हा ही श्रद्धांजली नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू गेल्यावर त्यात बरंच काही घडलंय. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि एक फायदा आहे. जन्मात पहिल्यांदा तू माझं बोलणं मधे न तोडता ऐकशील.

आपलं इंदूर संस्थान विलीन होऊन मध्यभारत प्रांत झाला तेव्हा माझ्या कारकुनीचं काय झालं, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. थंडीत सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. आमचं दफ्तर कायमचंच ग्वाल्हेरला न्यायचं ठरलं आणि मला म्हणाले, चला. माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य पागेतल्या घोड्यांमागे गेलं. मला बिऱ्हाड पाठीवर घेऊन सरकारमागे फिरायचं नव्हतं. मी राजीनामा दिला आणि मालतीला सांगायच्या आधी तुला येऊन सांगितलं, कारण तिच्यापुढे उभं राहायची हिंमत नव्हती. तू म्हणालास, "बरं केलंस. आता खाणार काय?" मी म्हटलं, "महूला छावणीत एक म्हातारा पारशी दुकान आवरतोय. सोड्याचं मशीन विकतोय." तू परसाच्या दाराकडे बघितलंस आणि म्हणालास, "माझी खालची खोली रिकामी आहे. परसात विहीर आहे. बघ जमतंय का."

बस. एवढ्यावर माझं दुकान निघालं. भाडं तू जे सांगितलंस ते ऐकून मला लाज वाटली होती, इतकं ते कमी होतं. पण गरज लाजेपेक्षा मोठी असते, मी मान डोलावली. आपल्या मल्हारगंजात विहिरींना काय तोटा आहे? पण सगळ्यांचं पाणी मचूळ. तुझ्या परसातली तेवढी गोड. तुझ्या आजोबांनी दरबारच्या नोकरीत हे घर घेतलं, तेव्हा म्हणे विहिरीचं पाणी चाखून मग सौदा केला होता.

पहिला उन्हाळा काय झकास गेला. सरकार इंदूरला आलेलं, साहेब, त्यांचे कारकून, अर्ज घेऊन देपालपुराहून आलेली माणसं, सगळ्यांचे घसे कोरडे. गोट्यांचा फट्फट् आवाज दिवसभर चालायचा. एक दिवस तू कॉलेजातून आलास, सायकल भिंतीला टेकवलीस, ओट्यापुढची गर्दी पाहिलीस आणि म्हणालास, "दत्तू, खाऊन घे. हे टिकायचं नाही."

"अपशकुनी बोलू नको यार, भर धंद्याच्या वेळी."

"अपशकुन कसला? ही गर्दी तू एकटाच बघतोयस का? पलीकडचा पानवाला बघतोय, त्याचा मेहुणा बघतोय. मशीन काय तुलाच मिळतं? पुढच्या उन्हाळ्यात गल्लीगल्लीत मशीन दिसेल. मग भाव उतरेल. या धंद्यात जास्तीचं उरतंय तोवर माणसं येत राहतील. ते उरायचं संपलं की यायची थांबतील. मग ज्याला त्याला आपल्या मेहनतीची मजुरी सुटेल आणि मशीनमध्ये घातलेल्या पैशाचं व्याज. त्यावर काही नाही."

"म्हणजे मी मजूर?"

"हो. त्यात वाईट काय आहे? मीही मजूरच. मला खडूची मजुरी मिळते."

मला राग आला होता. तुझी बाटली मी त्या दिवशी बर्फात ठेवली नाही, तुझ्या लक्षातही आलं नसेल.

पण तू म्हणालास तसंच झालं. पानवाल्याने मशीन आणलं, त्याच्या मेहुण्याने आणलं, गणपतीच्या देवळामागे एकाने तर आपली शिलाईची दुकानदारी बंद करून आणलं. भाव उतरला. दोनतीन उन्हाळ्यांत काहींनी मशीनं विकूनही टाकली. जे राहिले त्यांचं कसंबसं घर चालायचं, ना कमी ना जास्त. माझं मात्र तसं झालं नाही. माझी बाटली थोडी महाग असली तरी लोक माझ्याकडेच यायचे. लांबलांबून यायचे, मधली चार दुकानं टाकून. मी कॉलर ताठ करून तुला म्हटलं, "काय प्रोफेसर? तुमचं शास्त्र आमच्या गल्लीत चालत नाही वाटतं."

तिथून आपलं भांडण लागलं. मी म्हणायचो, हात आहे माझा. बाटली राखेने घासायची की नाही, गॅस किती सोडायचा, चाक किती वेळ फिरवायचं, हे सगळ्यांना जमत नाही. तू म्हणायचास, "हात चांगला आहे, मान्य. पण तसे हात शहरात पुष्कळ आहेत. ती विहीर एकच आहे." आणि मग तुझं ठरलेलं काळ्या जमिनीचं उदाहरण. माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू जास्त येतो, बरड जमिनीत कमी. नांगर तोच, घाम तोच. मग ते जास्तीचं पोतं कोणाचं? शेतकऱ्याचं नाही, मातीचं. तुझ्या पुस्तकात त्याला खंड म्हणायचे. "आणि खंड," तू म्हणायचास, "आज ना उद्या मातीच्या मालकाच्या घरी जातो. कारण त्या मातीसाठी दुसरा कोणीतरी जास्त द्यायला उभा असतोच."

"मालक म्हणजे तू."

"तत्त्वतः मीच."

"मग वाढव ना भाडं."

"बघू," म्हणायचास आणि बाटली उलटी करून शेवटचा थेंब प्यायचास.

किती वेळा तुझं हे 'बघू' ऐकलं. मला वाटायचं, तुला मनातून माझं पटलेलं आहे, नुसता हट्ट सोडवत नाही. ज्याला आपलं म्हणणं खरं वाटतं तो भाडं वाढवणार नाही का? याच हिशेबाने मी स्वतःला जिंकलेला समजत होतो.

ओट्यावर तुझा एक कायदा होता. पहिला घोट बिनमिठाचा. मी बाटली उघडून लिंबू पिळायला गेलो की हात आडवा घालायचास. "मीठ-लिंबू पडलं की सगळ्या विहिरी सारख्या होतात. आधी पाणी बोलू दे." पोस्टातून निवृत्त झालेले आपले नाना तुझ्या शेजारी बसायचे, त्यांनाही तू ही सवय लावलीस. गिऱ्हाइकं हसायची. मल्हारगंजात सोडा पिण्याची तुमची दोघांची रीत वेगळी, हे लोकांनी मान्यच करून टाकलं होतं. मला ते प्रोफेसरी थेर वाटायचं.

आणि दर उन्हाळ्यात तू मला आव्हान द्यायचास. "परदेशीपुऱ्यात मिलच्या फाटकाशी तुझा तो सोडावाला कन्हैया बसतो ना? त्याच्याकडे जा. तुझ्या हाताने, तुझ्या बाटल्यांत, त्याच्या नळाचं पाणी भर. इथे आण. नाना आणि मी पिऊ. आम्हाला फरक कळला नाही तर भर ओट्यावर कान धरीन." मी दर वेळी काहीतरी काढायचो. त्याचं मशीन जुनं आहे. टांग्यात बाटल्या तापतात. आज मालतीच्या माहेरची माणसं आलीत. तू हसून सोडून द्यायचास. मला भीती वाटायची, मनोहर. ती तुला दिसत होती आणि तू ती कधी उघडी पाडली नाहीस.

तुझ्या दुखण्याबद्दल मी फार लिहीत नाही. डॉक्टरांनी सोडा बंद केला होता. तरी त्या दिवशी वहिनी आत गेल्या आणि तू मला खुणेने म्हणालास, आण. मी बाटली आणली, वाटीत ओतली, चमच्याने तुझ्या ओठांना लावली. मीठ नाही, लिंबू नाही. तू घोट गिळलास, डोळे मिटलेस आणि पुटपुटलास, "पाणी चांगलं आहे."

मी म्हटलं, "हात चांगला आहे."

तू डोळे न उघडता हसलास. तेच आपलं शेवटचं बोलणं. आता रोज मनात येतं, त्या दिवशी तरी 'हो' म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण मला कुठे ठाऊक होतं की शेवटचं आहे. मला वाटलं होतं, उद्या परत भांडू.

आता पुढचं ऐक. हे तुला माहीत नाही.

तेरावं झालं आणि तुझा श्रीकांत खाली दुकानात आला. पोरगं तुझ्यावरच गेलंय, काही मागायचं असलं की आधी भिंतीकडे बघतं. म्हणाला, "काका, एक बोलायचं होतं. गेंदालालजी आले होते." सराफ्यातले ते शरबतवाले, तुला ठाऊक आहेत. त्यांना खालची खोली आणि विहीर हवी आहे. भाड्याचा जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून मी बाटल्यांच्या टबाच्या काठावर बसलो. श्रीकांत घाईने म्हणाला, "मला तुम्हाला उठवायचं नाही, काका. पण आई नागपूरला यायला तयार नाही. मी नवा नोकरीला लागलेला, रेल्वेत मला पगार तो किती. बाबांना पेन्शन नव्हती. तिला इथे एकटीला राहायचं तर," आणि तो थांबला. मी म्हटलं, "मला चार दिवस दे."

घरी मालतीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "एवढं काय त्यात? जाऊन सांगा, विहिरीत काही नाही. चव तुमच्या हाताची आहे. गेंदालाल फसतोय, पाणी घेईल आणि वर्षात पळून जाईल. मग वहिनींचं त्याचं भाडंही जाईल आणि आपलंही. श्रीकांत सरळ मुलगा आहे, ऐकेल." बोलली ते वावगं काही नव्हतं. इतकी वर्षं मी तरी दुसरं काय म्हणत होतो? फक्त आता ते वहिनींच्या तोंडावर म्हणायचं होतं, आणि त्यांच्या जेवणाखाण्याचा त्याच्याशी संबंध होता. तुझ्याशी भांडताना खोटं निघालं असतं तर एक बाटली हरलो असतो. इथे तसं नव्हतं. म्हणून मी टांगा केला आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परदेशीपुऱ्यात गेलो.

कन्हैयाने मला मशीन दिलं, वर चहा पाजला. मी का आलोय ते सांगितल्यावर पोट धरून हसला. "अरे भिया, पाणी में कई धर्यो हे? मिल को मजूर गलो ठंडो करवा आवे हे, पाणी चाखवा थोडी आवे." म्हणे, पाण्यात काय ठेवलंय, मजूर घसा थंड करायला येतो, पाणी चाखायला थोडाच! मी माझ्या हाताने बाटल्या घासल्या. गॅस माझ्या अंदाजाने सोडला. चाक माझ्या हिशेबाने फिरवलं. एवढं मन लावून मी मुलीच्या लग्नातसुद्धा सोडा भरला नव्हता. परत आणून त्याच टबात, तेवढ्याच बर्फात ठेवल्या.

चार वाजता नाना आले. तुझ्या जागेकडे न बघता आपल्या जागेवर बसले. मालती आमच्या घरून मुद्दाम आली होती, लिंबं चिरून, मिठाची वाटी पुढे करून उभी. हळूच म्हणाली, "घाला सरळ आणि मोकळे व्हा." खरंच, चिमटीत मीठ होतं माझ्या. घातलं असतं तर नानांना काय, कोणालाच कळलं नसतं, आणि मी त्याच पावली वर जाऊन श्रीकांतला छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. मी मीठ परत वाटीत टाकलं आणि गोटी ढकलून बाटली नानांच्या हातात दिली. कुठलं पाणी ते त्यांना सांगितलं नाही.

नानांनी घोट घेतला. बाटलीकडे पाहिलं. परत एक घेतला.

"दत्तू, विहीर उपसायला काढलीस का?"

"का हो?"

"नाही, असंच. मनोहर असता तर त्याने तोंड वाकडं केलं असतं. आज खरोखरचं."

मग मी स्वतः एक प्यालो. कन्हैयाचा सोडा होता तो, मनोहर. चांगला होता, थंड होता, ढेकर आणणारा होता. पण कन्हैयाचा होता. माझा हात मी त्यात शोधला, दुसऱ्या घोटात शोधला, तिसऱ्यात शोधला. नव्हता.

हरलो. सरळ सांगतो, हरलो. आणि हरल्याचं वाईट वाटायच्या आधी दुसरीच गोष्ट डोक्यात आली. आमच्या सुशीलाचं लग्न झालं ते पैसे. घरावर एक खोली चढवली ते पैसे. रेडिओ घेतला, तो ऐकायला तू यायचास आणि बातम्यांवरून माझ्याशी वाद घालायचास. कन्हैया माझ्याइतकाच राबतो, पण त्याच्या घरी यातलं काही झालं नाही. ते सगळं त्या विहिरीतून आलं होतं. आणि तुला ठाऊक होतं. शास्त्रच तुझं होतं. तू रोज चारला माझ्यासमोर बसून मला सांगत होतास की हे जास्तीचं तुझं नाही, आणि ते रोज माझ्याकडेच ठेवत होतास. मी मूर्ख, मला वाटायचं तू वादात कच्चा आहेस.

राग आला मला तुझा. अजून आहे. सांगायचं होतंस. एकदा तरी म्हणायचं होतंस, दत्तू, हे मी तुला देतोय. पण मग मी घेतलं नसतं, हेही खरं. तुला माझा स्वभाव ठाऊक.

तसाच जिना चढून वर गेलो. वहिनी गहू निवडत बसल्या होत्या, श्रीकांत खिडकीशी होता. माडीच्या छताला तो मोठा ओला डाग आहे ना, कोपऱ्यात खाली कायम बादली असते, तिच्याशेजारी मला पाट दिला. मी तोंड उघडणार तोच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बरं झालं आलात. मी याला कालच सांगितलं, हे काही बरोबर नाही. हे नेहमी म्हणायचे, विहिरीत काय आहे, चव दत्तूच्या हाताची आहे."

मी म्हटलं, "कोण म्हणायचं?"

"हेच. दुसरं कोण? दर दिवाळीला मी मागे लागायची, अहो छत गळतंय, खालचं भाडं थोडं वाढवा, सगळ्या गल्लीत वाढलं. तर म्हणायचे, पाणी काय, पाणी सगळीकडे आहे. लोक येतात ते त्याच्या हातासाठी. दुसऱ्याच्या हाताचं भाडं मी कसं घेऊ? एकदा फारच बोलले मी, तर चिडले. म्हणाले, अर्थशास्त्र मला शिकवू नकोस."

मनोहर, मी त्या पाटावर बसून राहिलो. म्हणजे खाली ओट्यावर तू मला हरवायचास आणि वर येऊन माझीच वाक्यं वहिनींना ऐकवायचास. राख, गॅस, चाक, सगळं. वहिनींना ते पाठ होतं. मालतीने जी वकिली करायला सांगितली होती ती तू आधीच करून ठेवली होतीस, आणि मुलगा बापाचा शब्द मोडणार नव्हता. श्रीकांत म्हणालाच, "बाबांचं तसं म्हणणं असेल तर मी गेंदालालजींना नाही म्हणून कळवतो. आईचं काहीतरी बघू." बघू म्हणाला, अगदी तुझ्या सुरात.

मला फक्त गप्प बसायचं होतं. चहा पिऊन खाली यायचं होतं. मालतीला सांगायचं होतं, झालं काम. मी छताकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. वहिनींनी चष्म्याला दोरा बांधला होता, तो बघितला.

"वहिनी," मी म्हटलं, "तो खोटं बोलत होता."

श्रीकांतने मान वर केली. मग मी सगळं सांगितलं. परदेशीपुरा, कन्हैया, नानांचा घोट. काळी जमीन आणि बरड जमीनसुद्धा सांगितली, जमेल तशी. तू सांगायचास तशी सरळ नाही आली, मधे दोनदा अडखळलो. म्हटलं, गेंदालाल काही फसत नाही. तो जे देतोय ते विहिरीचं बरोबर मोल आहे, आणि ते तुमचं आहे, वहिनी. इतकी वर्षं ते माझ्या घरी येत होतं.

वहिनींना पटेना. "अहो, ते एवढे शिकलेले. त्यांना नसतं का कळलं?"

"कळलं होतं म्हणूनच तर."

त्यांनी गव्हाचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?" मी मान खाली घातली. त्यांना राग तुझ्यावर आला होता की माझ्यावर, हे विचारायची सोय नव्हती. आणि आला असला तर तो रास्तच होता. छत त्यांचं गळत होतं. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेवते."

श्रीकांत मला जिन्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "काका, मग तेच भाडं तुम्ही दिलंत तरी चालेल. पहिला हक्क तुमचा." मी हो म्हणून आलो.

मालतीने दोन दिवस ताट आदळून वाढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढं भाडं देऊन उरणार काय?"

"कन्हैयाला उरतं तेवढं."

"मग कन्हैयाशेजारी जाऊन बसा. तिथे भाडं तरी कमी आहे."

"तिथे तेवढंच उरेल. इथेही तेवढंच."

"मग इथेच कशाला?"

मी म्हटलं, मशीन हलवायचा कंटाळा आलाय, कंबर राहिली नाही. तेही खोटं नाही. पण तू असतास तर तुला खरं सांगितलं असतं. कुठेही बसलं तरी माणसाला सारखंच उरणार असेल, तर मग कुठे बसायचं ते त्याने आपल्या मनाने ठरवावं. हे तुझ्या पुस्तकात आहे की नाही कोण जाणे. मला तरी तुझा ओटा सोडायचा नाही.

आता म्हणतात, मध्यभारतही मोडणार, नवा प्रांत होणार, राजधानी भोपाळला. म्हणजे सरकार उन्हाळ्यात इकडे यायचं बंद. गिऱ्हाईक तुटेल. तू असतास तर म्हणाला असतास, काही मशीनं बंद पडतील, बाकीच्यांचं पुन्हा जेमतेम जमेल, घाबरू नको. मी घाबरलेलो नाही. दमलोय फक्त. आयुष्यभर मी स्वतःला हुशार समजत आलो, आणि या वयात कळलं की मी साधा धंदेवाला मजूर आहे आणि माझा एक मित्र होता. दुसरी गोष्ट कळायला एवढा उशीर लागायला नको होता.

आज चार वाजता सवयीने तुझी बाटली भरली गेली. नाना म्हणाले, दे मला. मी दिली नाही, वर घेऊन गेलो. वहिनींनी जन्मात सोडा घेतला नव्हता, तुझ्या ओट्यावरचं ते खूळ म्हणायच्या. मी गोटी ढकलून पेल्यात ओतला. त्यांनी विचारलं, "मीठ नाही घालत का यात?"

म्हटलं, "पहिला घोट बिनमिठाचा."

त्यांनी घोट घेतला. नाकात गॅस गेला, डोळ्यांत पाणी आलं, थोडं हसल्या. मग आणखी एक घेतला आणि पेला मांडीवर धरून छताकडे बघत राहिल्या. तिथे आता गवंडी यायचाय. बघता बघता म्हणाल्या, "काही म्हणा, भाऊजी. हे म्हणायचे तेच खरं. हात चांगला आहे तुमचा."

मी म्हटलं, "पाणी चांगलं आहे, वहिनी."

तुझा,
दत्तू